बाळंतपणासाठी दक्षिणेला

उकालिक गावात दुपारच्या जेवणाला कुणाच्याही घरी जा, तापिसाचा आवाज कानावर पडायचाच. गावचा छोटासा रेडिओ ती चालवायची. कुणाची कुत्री सुटली, कुणाकडे व्हेलची चरबी जास्तीची आहे, कुणाला शिवणयंत्र हवंय, लोक फोन करून सांगायचे आणि तापिसा ते सगळ्या गावाला ऐकवायची, वर स्वतःची फोडणी घालायची. "पीता, तुझा मेहुणा त्याची बर्फगाडी परत मागतोय. आता सगळ्या गावाने ऐकलंय, तेव्हा 'मला कुठे माहीत होतं' असं म्हणू नकोस." बाई तोंडाची फटकळ, पण गावाचा जीव होता तिच्यावर.

हडसनच्या उपसागराच्या काठी वसलेल्या या गावात रस्ता येत नाही. बोट उन्हाळ्यात, विमान एरवी. दवाखाना आहे, नर्सा आहेत, पण बाळंतपण तिथे करत नाहीत. दिवस भरायला महिनाभर राहिला की बाईला विमानात बसवून दक्षिणेला विनिपेग शहरात धाडायचं, ही इथली रीत. तापिसाची आई मिआली तंबूत जन्मलेली. मिआलीची आई कुब्लू अडल्यानडल्या बायकांना सोडवायला कुत्र्यांच्या गाडीवरून जायची. पुढे सरकारने ठरवलं की बाळं शहरातच जन्मतील, आणि कुब्लूचे हात रिकामे झाले. शेवटपर्यंत म्हातारी म्हणायची, "विमानाला कळा येतात का गं, की त्याला सगळं कळतं?" तापिसाच्या दुसऱ्या बाळंतपणाच्या आदल्याच हिवाळ्यात ती गेली.

पहिल्या खेपेला, लेक आयजूच्या वेळी, तापिसाचा नवरा जोआनासी सोबत गेला होता. दुसऱ्या खेपेला जगभर साथ पसरलेली. दवाखान्यातल्या नर्सने मान खाली घालून सांगितलं, "या वेळी सोबत कुणालाच नेता येणार नाही."

"म्हणजे बाळाला बाप लागत नाही असं ठरलं का?" जोआनासीने विचारलं.

"बाप लागतो रे," तापिसा म्हणाली, "पण तो विमानात मावत नाही."

हसायला म्हणून बोलली खरी, पण घरी येऊन पिशवी भरताना तिने आयजूचे मोजे चुकून स्वतःच्या कपड्यांत घातले, आणि मग ते तसेच राहू दिले.

विनिपेगला उत्तरेकडच्या रुग्णांना राहायला एक वसतिगृह आहे. एरवी तिथे ओळखीपाळखीची माणसं भेटतात, पत्ते रंगतात, कुणीतरी गावाकडून आणलेलं मांस सगळ्यांत वाटलं जातं. या वेळी प्रत्येकीला आपापल्या खोलीत बंद केलेलं. दारावर टकटक व्हायची, दार उघडावं तर जमिनीवर जेवणाचं ताट आणि लांब जाणारी पाठ. ताटात रोज तेच, तळलेली कोंबडी आणि गिळगिळीत शेवया. मिआलीने लेकीसाठी सुकवलेलं कॅरिबू हरणाचं मांस विमानाने पाठवलं. बाहेरची वस्तू आत घ्यायची नाही म्हणून ते पुडकं खाली टेबलावरच पडून राहिलं. तापिसा रोज फोन करून विचारायची, तिकडून रोज "बघतो" असं उत्तर यायचं. मग एक दिवस टेबलामागचा माणूस म्हणाला, "ते वास मारायला लागलं, म्हणून टाकून दिलं."

"सुकवलेलं मांस वास मारत नाही, भाऊ. ते तसंच असतं."

"माफ करा, मॅडम. नियम आहे."

त्या दिवशी तापिसा पहिल्यांदा रडली. कळांनी नाही, एकटेपणाने नाही. टाकून दिलेल्या मांसासाठी.

बाळ यायला उशीर झाला. अखेर कळा सुरू झाल्या तेव्हा रुग्णालयात तिच्या उशीवर फोन ठेवलेला होता आणि त्यातून मिआली बोलत होती. आसपासची सगळी माणसं मास्क आणि काचेच्या आड. कोण हसतंय, कोण वैतागलंय, काही कळायला मार्ग नाही. "दीर्घ श्वास घे पोरी, डोळे मिटून माझा हात धर," मिआली म्हणत होती. तापिसाने फोनच मुठीत धरला. तिथली नर्स चांगली होती, पण चौघींचं काम एकटी करत होती. दर वेळी "आलेच हं" म्हणून जायची ती गेलीच. बाळाचं डोकं दिसू लागलं तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं. तापिसा जीव खाऊन ओरडली, तेव्हा कुठे दोघीजणी धावत आल्या.

मुलगा झाला. पलीकडे जोआनासीने त्याचं रडणं ऐकलं आणि तो स्वतःच हुंदके द्यायला लागला. मिआलीने लगेच सांगितलं, "कुब्लू आली."

गावची चाल अशी, की गेलेल्या माणसाचं नाव बाळाला द्यायचं, आणि नावाबरोबर नातंही. मुलगा की मुलगी हा प्रश्न त्यात येत नाही. म्हणून मिआली त्या क्षणापासून नातवाला आई म्हणू लागली. "माझ्या आईला नीट पांघरूण घातलंय ना? तिला थंडी सोसत नव्हती." तापिसाला तेवढ्यातही हसू फुटलं. तिच्या कुशीत तिची आजी मुठी चोखत पडली होती.

पण घरी जायचं तर अजून एक दिव्य बाकी होतं. शहरातून उत्तरेकडे परतणाऱ्या प्रत्येकाने आधी चौदा दिवस हॉटेलात विलगीकरणात राहायचं. गावात रोग शिरला तर तिथे ना मोठा दवाखाना, ना पुरेशी घरं, हे तापिसालाही पटत होतं. रेडिओवरून तिनेच लोकांना ते दहा वेळा समजावलं होतं. पण नियम पटणं वेगळं आणि ओल्या बाळंतिणीने तो एका खोलीत भोगणं वेगळं. खिडकी उघडत नव्हती. मजल्यावर पहारेकरी खुर्ची टाकून बसलेला. ती दार उघडून डोकावली की तो म्हणायचा, "ताई, आत."

"मला जरा वारा खायचाय. पाय आखडलेत."

"सिगारेट ओढता का?"

"नाही."

"मग बाहेर जाता येत नाही. ओढणाऱ्यांनाच अंगणात सोडतात."

"म्हणजे मी सिगारेट ओढली असती तर मला आणि बाळाला मोकळी हवा मिळाली असती?"

पहारेकऱ्याने खांदे उडवले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या बेकर लेक गावच्या म्हाताऱ्याने दाराच्या फटीतून एक सिगारेट तिच्याकडे सरकवली. त्यानंतर ती रोज बाळाला अमाउती या अंगरख्याच्या मोठ्या टोपीत, पाठीशी घालून, न पेटवलेली सिगारेट ओठात धरून अंगणात उभी राहायची. पहारेकरी सगळं बघायचा आणि तोंड फिरवायचा. एवढीच काय ती त्याची माणुसकी, पण होती.

आठवडा उलटला आणि तिची डावी छाती दगडासारखी झाली. लाल, गरम, हात लावू देईना. आयजूच्या वेळी असंच दूध साकळलं होतं, तेव्हा तिला चटकन ओळखू आलं. अंगात हुडहुडी भरली. रोज फोनवर विचारपूस करणाऱ्या नर्सला तिने सरळ सांगितलं, "दूध साकळलंय. ताप आहे. औषध हवं."

नर्स फक्त एका शब्दावर अडकली. "ताप?"

अर्ध्या तासात दारापाशी नखशिखान्त झाकलेलं एक माणूस आलं, नाकात काडी घालून गेलं. छातीकडे त्याने पाहिलंही नाही. मग डॉक्टरचा फोन आला. आवाज दमलेला होता.

"मलाही वाटतं हे दुधाचंच असावं," तो म्हणाला. "पण तपासल्याशिवाय औषध देता येत नाही आणि चाचणीचा निकाल येईपर्यंत आत कुणाला पाठवता येत नाही. शिवाय ताप आला की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे."

"पहिल्यापासून?"

"तसा नियम आहे."

"डॉक्टर, नियमाला कधी पान्हा फुटलाय का?"

"नाही," तो म्हणाला, "मला वाईट वाटतं." आणि त्याला खरंच वाईट वाटत असावं, पण त्या वाईट वाटण्याने छातीतली गाठ हलत नव्हती.

बाळ दुधासाठी कळवळत होतं. प्रत्येक घोटाला तापिसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. घड्याळात रेडिओची वेळ झाली होती. तिच्या जागी म्हातारा नुटाराक बसायचा, तीच ती अकॉर्डियनची धून पुन्हा पुन्हा लावायचा. तिने गावचा नंबर फिरवला.

"कोण बोलतंय?" नुटाराकने विचारलं.

"मी तापिसा, काका. ते अकॉर्डियन बंद करा आणि मला बोलू द्या."

तिने सगळं सांगितलं. मांसाचं, सिगारेटचं, रिकाम्या खोलीत आलेल्या बाळाच्या डोक्याचं, छातीचं. नेहमी दुसऱ्यांचे निरोप सांगणाऱ्या बाईला स्वतःचं सांगताना मध्येच धाप लागली. "आणि आता म्हणतात, पुन्हा पहिल्यापासून. मी काय चोरी केलीय?"

फोनवर फोन सुरू झाले. "अगं, आधी दुखऱ्या बाजूलाच पाज, कितीही दुखलं तरी," एक म्हणाली. "गरम पाण्यात फडकं बुडवून शेक," दुसरी. मग एका वयस्क बाईचा फोन आला, जी रेडिओवर कधीच बोलत नसे. "मी तिकडे बाळंतपणाला गेले होते तेव्हा माझी थोरली इथे बर्फाखाली गेली. मला परत आल्यावर सांगितलं." एवढं बोलून तिने फोन ठेवला. नुटाराकने अकॉर्डियन लावलं नाही. त्यामागोमाग बायका बोलतच राहिल्या. साथीच्या आधी बाळंत झालेल्या आया, आज्या, प्रत्येकीचं दक्षिणेतलं एकटेपण वेगळं. संध्याकाळपर्यंत रेडिओवर दुसरा विषय नव्हता.

गावच्या दवाखान्यातल्या नर्सला कुणीतरी ते सगळं इंग्रजीत सांगितलं. तिने मग विनिपेगला इतके फोन केले की तिकडच्यांना तिचा आवाज पाठ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी रोवेना नावाची फिलिपिनो नर्स झगाबिगा चढवून खोलीत आली. दारात नाही, आत. तिने हातमोज्याच्या बोटांनी छाती चाचपली.

"अरे देवा! हे किती दिवस असंच?" ती म्हणाली. "मला दोन मुलं आहेत. मला माहीत आहे हे काय असतं."

त्या स्पर्शानेच तापिसाला रडू कोसळलं. कितीतरी दिवसांत बाळाशिवाय कुणी तिला हात लावला नव्हता. रोवेनाने औषध सुरू केलं, गाठ कशी चोळायची ते दाखवलं, आणि निघताना बाळाकडे बघून म्हणाली, "देखणा आहे हो."

"माझी आजी आहे ती," तापिसा म्हणाली. रोवेना गोंधळली, मग हसली.

चाचणीत काही निघालं नाही. बऱ्याच वादावादीनंतर दिवस पहिल्यापासून मोजायचा हट्टही सोडला गेला. पण कुणी कुणाला कळवायचं यात एवढा घोळ झाला की परवानगी येईपर्यंत विमान निघून गेलेलं होतं. पुढचं वादळाने अडलं. ती उकालिकला उतरली तेव्हा उपसागर गोठू लागला होता.

धावपट्टीवर मिआलीने अमाउतीत हात घालून बाळ उचललं. "आलीस का गं आई? केवढी वाट बघायला लावलीस!" सगळे हसले, रडले. आयजू मात्र बापाच्या पायामागून हलेना. तापिसाने वाकून हात पुढे केला तर पोरगी म्हणाली, "तू नको." त्यानंतर कित्येक दिवस ती मिआलीच्याच अंथरुणात शिरायची. छातीची गाठ विरघळली, पोरीच्या मनातली विरघळायला वेळ लागला.

त्या हिवाळ्यात अधिकारी गावसभेला आले. तापिसाने विचारलं, "इथे सुईण कधी येणार?" ते म्हणाले, शिकलेल्या सुइणी मिळत नाहीत. "मग मला शिकवा." त्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. प्रशिक्षण दुसऱ्या गावात व्हायचं होतं, साथीमुळे पुढे ढकललेलं. तेव्हापासून दर सोमवारी रेडिओ संपला की ती त्या अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला फोन लावते.

परवाच्या सोमवारी तिकडची मुलगी म्हणाली, "प्रवासबंदी उठली की कळवू, ताई."

"प्रवासबंदी? मला पोटुशी असताना विमानात कोंबलं तेव्हा कुठे गेली होती ती बंदी?"

मुलगी हळूच म्हणाली, "तुम्ही पुढच्या सोमवारी करा ना फोन."

तापिसाने फोन ठेवला, कुब्लूला पाजायला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि जोआनासीला म्हणाली, "ऐकलंस? सोमवारी मला आठवण करून दे. नाहीतर या लोकांना वाटेल, मी विसरले."