मंगलाष्टकं आणि मोज्यातले तांदूळ

हसणार नाही म्हणा, मगच सांगते. आणि तो चहाचा कप आधी खाली ठेवा, ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

तर झालं असं, की दोन मुलांना पाजून, चाळिशी ओलांडून माझं वरचं सगळं खाली आलं होतं. बायकांना कळलं असेलच. मी म्हटलं, आता करूनच टाकायचं काहीतरी. गुपचूप गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टरीणबाईंना गाठलं.

त्या म्हणाल्या, "नुसतं उचलून घ्यायचं असेल तर लिफ्ट. भरीवपणा हवा असेल तर इम्प्लांट. तुम्हाला नक्की काय हवंय?"

मला? अहो, मला साधी कोथिंबिरीची जुडी निवडायला दहा मिनिटं लागतात!

शेवटी त्याच म्हणाल्या, "मोज्यात मापाने तांदूळ भरा, ब्रामध्ये ठेवा आणि घरात दोन-तीन तास वावरून बघा. ओझं पेलवतंय का ते कळेल. सोमवारी मला सांगा."

घरात कशी वावरणार? घरात सासूबाई! दिंडोरीच्या, द्राक्षबागेत आयुष्य गेलेल्या. त्यांच्या नजरेतून एक घड सुटत नाही. त्यांना कळलं असतं, तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. नवऱ्याला सांगितलं होतं, तो "तुला हवं ते कर" म्हणून मोकळा झाला होता.

रविवारी दिंडोरीला चुलतदिराचं लग्न होतं. मी विचार केला, भरजरी शालू, त्यावर पदर, एवढ्या गर्दीत कोण बघतंय? माझीच अक्कल, दुसरं काय!

पहिला तासभर मी अशी मिरवले म्हणता! दुसऱ्या तासाला खांदे भरून आले. आणि अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, तेवढ्यात डावीकडे काहीतरी सैल झालं.

मोज्याची गाठ सुटली होती हो!

आधी चार दाणे पोटावरून घरंगळले. मग धारच लागली. निऱ्यांतून थेट पायाशी, पांढरे शुभ्र! मी डावा कोपर छातीशी आवळून उभी. घामाने ब्लाउज चिकटलेलं. गुरुजींचं एक मंगलाष्टक संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं. वधूच्या मामांना पण तेव्हाच गायचं सुचलं! हलावं तर आणखी सांडणार, न हलावं तर ढीग दिसणार. आणि समोरून सासूबाई माझ्या पायांकडे टक लावून बघतायत.

शेवटचं 'सावधान' झालं आणि मी स्टेजमागच्या खोलीकडे धूम ठोकली. दार लावणार, तोच सासूबाई आत.

"काय चाललंय तुझं? मला काय दिसत नाय व्हय? सगळं बघितलंय मी!"

झालं! माझं उरलंसुरलं अवसान गळालं. रडतच म्हणाले, "आई, चुकलं माझं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. इम्प्लांट करू की लिफ्ट, ठरतच नव्हतं. म्हणून छातीला तांदूळ बांधून आले. डावीकडचे सांडले, उजवीकडचे आहेत अजून!" आणि पुरावा म्हणून उजवा मोजा काढून त्यांच्या हातात दिला.

सासूबाई मोज्याकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत.

"अगं बये, मी अक्षतांचं बोलत होते. नवरानवरीवर टाकायच्या, तर तू पायाखाली सांडतेस म्हणून!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी खाली बसले. बाहेर कन्यादान झालं, होम पेटला, तरी मी तिथेच मुसमुसत. सासूबाईंनी मोजा हातात तोलून पाहिला. "हे ओझं दोन तासांत पेलवेना तुला. सारखी खांदा चोळतेस, बघत होते मी. वेल खाली आला तर आपण तारेला बांधून वर घेतो. त्याला आणखी घड लटकवतो का? वर घे, बास!"

दोन महिने मला जे ठरवता आलं नाही, ते त्यांनी दोन मिनिटांत निकालात काढलं. मला इतकं हलकं वाटलं, की मी हुंदके देत मोठ्यांदा म्हणाले, "म्हणजे लिफ्टच करू ना आई? छाती नुसती वर उचलून घेऊ ना?"

तेवढ्यात नणंदबाई धापा टाकत आत आल्या.

"वहिनी, जरा हळू! स्टेजच्या बाजूला भिंत नाही, नुसता पडदा आहे. सप्तपदी चाललीय, गुरुजी तिसऱ्या पावलावरच थांबलेत!"