कानबाईची नथ आणि विटांचं दार

आमच्या परसातल्या भिंतीत लाकडी चौकट आहे आणि चौकटीत विटा आहेत. नातवंडं विचारतात, आबा, दार कुठं गेलं? दार मी सरपणात घातलं. विटा मीच रचल्या. का, ते आता लिहून ठेवतो. मी दुसरी शिकलेला माणूस, पण माझ्या बाजूनं दुसरं कोण लिहिणार? पलीकडचे त्यांच्या बाजूनं इतकी वर्षं बोलतच आले आहेत.

स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. दोंडाईच्यात माझी बैलगाडी होती, लोकांचा कापूस जिनिंगला न्यायचो. भिंतीपलीकडे गल्लीचे नाना राहायचे. त्यांचा शब्द तो गल्लीचा शब्द. मधलं दार कायम उघडं. विस्तव, ताक, चाळण, सगळी ये-जा त्यातून. बाप गेल्यापासून धाकटी बहीण माझ्यावर होती, आणि शिरपूरकडचे पाहुणे नारळी पुनवेनंतर तिला बघायला येणार होते. आले की ते आधी नानांच्या ओट्यावर बसणार आणि आमच्या घराची चौकशी करणार, हे ठरलेलंच.

श्रावणात नानांच्या घरी कानबाई बसायची. कानबाई म्हणजे नारळ. त्याला डोळे, नथ लावून देवी करायची. तिच्यासाठी गव्हाचे रोट होतात, ते फक्त भाऊबंदांनी खायचे. मी शेजारी, मला घास नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही, रीत आहे. देवीचे केळीचे खांब मात्र माझ्याच गाडीतून यायचे आणि बांधायलाही मीच लागायचो. रोटाच्या कणकेचा कणसुद्धा उकिरड्यावर जाऊ द्यायचा नाही, अशी त्या घरची शिस्त. खरकटं, हात धुतलेलं पाणी, सगळं परसातल्या खड्ड्यात पुरायचं. एकदा पुरलं की तो खड्डा कुणी उकरायचा नाही.

त्या वर्षी देवी नदीवर न्यायच्या आधी बायकांनी देवीचे दागिने उतरवून डब्यात ठेवले तेव्हा मी तिथंच खांब सोडत होतो. नदीवरून आल्यावर डबा उघडला, तर नथ नाही. नानांच्या आईची नथ, मोत्यांची.

नाना मधल्या दारातून आले. मागे अर्धी गल्ली.

"घरमा बाहेरना कोन उना व्हता? तू एकलाच ना?"

मी म्हटलं, बाहेरचा आलेला मीच, बघा घर. त्यांनी बघितलं. वैरण उलथली, उशा चाचपल्या, माझ्या बायकोला ज्वारीची मडकी ओतायला लावली. समोरच्या शिंप्यानं सांगितलं की त्या दिवशी माझा फेटा रोजच्यापेक्षा जाड दिसत होता. या माणसाला माझ्या सदऱ्याच्या दोन बाह्या कधी सारख्या कापता आल्या नाहीत, पण फेट्याची जाडी त्याला रस्त्यापलीकडून दिसली. काही सापडलं नाही. मग म्हणाले, विकून आला असेल.

बायको सकाळी विस्तव आणायला गेली, तर नानांच्या सुनेनं चूल विझली म्हणून सांगितलं. तिच्या डोक्यावरून धूर जात होता. बहीण विहिरीवर गेली की बायका आपापल्या घागरी जवळ ओढून घेत. बहीण रडत नव्हती, पण तिनं घराबाहेर पडणं सोडलं. पाहुण्यांच्या कानावर चोराचं घर असं गेलं की सोयरीक संपली, हे तिलाही कळत होतं.

मी डोकं चालवलं. त्या खोलीतून त्या दिवशी बाहेर काय काय गेलं? मी गेलो, खांब गेले. आणि कणीक गेली. आदल्या दिवशी खांब बांधताना मी पाहिलं होतं. नानांची बायको, तिला सगळे अक्का म्हणत, नारळाला नथ बसेना म्हणून रोटाच्या कणकेचा गोळा दाबून त्यात नथ खोचत होती. तो गोळा काढल्यावर गेला कुठं? त्या घरात रोटाची कणीक जाते तिथंच.

मी ओट्यासमोर उभा राहून सांगितलं, "नाना, नथ खड्डामा शे. उकरा."

नाना म्हणाले, "रोटना खड्डा उकरतस का कोनी? उद्या म्हनशी, देव्हारा खंद."

लोक हसले. अक्का दारात होती. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीवरून पाहिलं, तर खड्ड्यावरची माती ओली होती आणि पायानं दाबून सारखी केलेली. दुपारी अक्कानं सगळ्यांना नथ दाखवली. डब्यातच होती म्हणाली, कापडाच्या घडीत. मी जवळ गेलो. मोत्यांच्या मधे काळी माती.

"डबामा माटी कशी गयी, अक्का?"

तिनं मूठ मिटली. नाना म्हणाले, सापडली ना, मिटलं. मी म्हटलं, गल्लीसमोर चोर म्हणालात, आता गल्लीसमोर नाही म्हणा.

"चोर कव्हय म्हनं मी? इचारं फक्त."

पाहुणे आले. नानांच्या ओट्यावर बसले. मीही बोलावणं नसताना जाऊन बसलो. मुलाच्या बापानं गल्लीच्या तोंडाशीच काहीतरी ऐकलं होतं. त्यानं सरळ विचारलं, नथीचं काय प्रकरण? नाना पान चघळत म्हणाले, "सापडनी ती." एवढंच. कुठं, कशी, काही नाही. पाहुणा माझ्याकडे बघायला लागला.

मग मी कणीक, गोळा, खड्डा, ओली माती, सगळं सांगितलं. नाना उठून उभे राहिले. भाऊबंदांत त्यांची मान खाली जाणार होती, आणि जावी म्हणूनच मी बोललो. पाहुण्यानं अक्काला विचारलं, खरं का?

अक्का दारातून ओट्यावर आली. मग म्हणाली, "खड्डामाच व्हती. मीच उकरी काढी."

सोयरीक झाली. गल्लीत दारोदार लग्नाची अक्षत दिली, शिंप्यालासुद्धा दिली. नानांच्या दारी दिली नाही. नाना सांगत फिरले की मी त्यांच्या देवीचं नाव घालवलं. फिरू दे.

लग्न उरकल्यावर मी दार काढलं आणि विटा लावायला बसलो. विटा डोक्याच्या उंचीला आल्या तेव्हा पलीकडून अक्का बोलली. खड्डा उकरला म्हणून भाऊबंदांनी त्या वर्षापासून तिला रोट लाटू दिले नाहीत, हे मला मागून कळलं.

"भाऊ, येक वीट कमी लाव. इस्तो लागस माले."

मी म्हटलं, "विस्तव माझ्या बायकोलाही लागला होता," आणि वीट ठेवली.