हत्तीच्या पोटात साहेब

'हे सगळं तुम्ही स्वतः केलंत?' असं गिऱ्हाइकाने विचारलं की लोकरबाई फार गोड हसतात. 'नाही हो, रात्री मेंढ्या येऊन करून जातात' असा त्या हसण्याचा अर्थ असतो, पण तो गिऱ्हाइकाला कळत नाही, म्हणून धंदा चाललाय.

लोकरबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. मेळ्यातल्या इतर टेबलवाल्यांनी ते ठेवलं आणि बाईंनी ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं. काम म्हणाल तर लोकर टोचायची. सुईला बारीक दाते असतात. ती लोकरीत खुपसत राहिलं की धागे एकमेकांत अडकतात, गोळा घट्ट होतो, आणि पुरेसा वेळ व पुरेशी बोटं शाबूत असतील तर त्याचा ससा, बदक, अस्वल असं काहीतरी होतं. एवढीच विद्या. पण बाई ती अशा थाटात सांगतात की समोरच्याला वाटावं, ही बाई मेंदूची शस्त्रक्रिया करून आत्ताच बाहेर आलीय.

लोकर आणि कला मेळा हाही एक नमुनाच. बॅडमिंटनचा हॉल, जमिनीवर कोर्टाच्या पांढऱ्या रेघा, आणि 'तुमचं टेबल रेघेच्या चार बोटं पुढे आलंय' म्हणून भांडणारे आयोजक. लोक येतात, प्रत्येक वस्तू दाबून बघतात, नाकाला लावतात, 'किती चिकाटी लागत असेल नाही' म्हणतात, 'आमची आत्यापण करते असलं काहीतरी' हे सांगून घेतात, आणि शेजारच्या टेबलावरून साबण विकत घेऊन जातात. साबण काय, कुणीही करतं, असं बाईंचं ठाम मत आहे. शेजारचा साबणवाला ते मत इतकी वर्षं निमूटपणे ऐकतोय. सज्जन माणूस आहे, पण कान तिखट आहेत त्याचे.

त्या कानांमुळेच तर सगळं घडलं.

मागच्या मेळ्यात टेबलापुढे एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. घड्याळजी. दुकान मुलाकडे दिलेलं, तरी भिंग अजून शर्टाच्या खिशात. त्यांनी एक फुगलेली पिशवी बाईंच्या पुढ्यात ठेवली आणि हळूच विचारलं, "यातून कुत्रा होईल का?"

पिशवीत कुत्र्याचे केस होते. त्यांच्या कुत्र्याचे, जो नुकताच गेला होता. त्याचं नाव साहेब. बरोबर फोटोही आणला होता. एक कान उभा, एक पडलेला, आणि चेहऱ्यावर खरोखरच एखाद्या साहेबाने रजेचा अर्ज नाकारावा तसा भाव.

आता खरं तर बाईंनी सांगायला हवं होतं की मेंढीच्या लोकरीला बारीक खवले असतात म्हणून ती अडकते, कुत्र्याचा केस गुळगुळीत, तो टोचून टोचून दमवतो, बघावं लागेल. पण शेजारी साबणवाला कान देऊन बसलेला. त्याच्यादेखत 'जमणार नाही' म्हणायचं म्हणजे काय?

"होईल की," बाई म्हणाल्या. "पुढच्या मेळ्यात शेवटच्या दिवशी संध्याकाळी या. तयार असेल."

"त्याच्याच केसांचा करणार ना? म्हणजे, दुसरं काही नको घालायला."

"अहो, आमच्याकडे भेसळ नसते," बाई म्हणाल्या, थोड्या मोठ्याने, साबणाच्या दिशेने.

घरी आल्यावर त्यांनी केस शांपूने धुतले, गच्चीत वाळवले आणि एका जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून ठेवले. आता त्यांच्या घरात उशीचे अभ्रे उशीला कधीच मिळत नाहीत. पांढरी लोकर एका अभ्र्यात, करडी एकात, आणि जनावरांच्या पोटात भरायची जाडीभरडी, टाकाऊ लोकर आणखी एकात. जेवणाचं टेबल कधीच लोकरीने गिळलेलं. जेवण मांडीवर.

पोटातले गोळे वळायचं काम 'अहों'कडे, म्हणजे नवऱ्याकडे. निवृत्त झाल्यावर मी तुला मदत करीन असं त्यांनी एकदा भर पाहुण्यांत म्हटलं होतं. माणसाने बोलताना विचार करावा. तेव्हापासून ते रोज टीव्हीसमोर बसून गोळे वळतात. बाईंनी अभ्रा पुढ्यात टाकायचा, यांनी वळायचे, मग बाईंनी त्यावर चांगली लोकर टोचून त्याला कातडी चढवायची.

या वर्षी बाईंनी हत्ती करायचे ठरवले. गुबगुबीत, राखाडी, छोट्या सोंडेचे. एके दुपारी गोळे वळताना अहो म्हणाले, "अगं, ही लोकर काही नीट बसत नाहीये. निसटतेय हातातून. वेगळीच वाटते."

"तुम्हाला काय कळतंय लोकरीतलं? दोरा गुंडाळा वरून आणि वळा गपचूप."

अहोंनी दोरा गुंडाळला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना लोकरीतलं कळत नसेल, पण गपचूप कधी व्हायचं ते बरोबर कळतं.

साहेबांचं काम मात्र बाईंनी मुद्दाम मागे ठेवलं. त्यामागे डोकं होतं. टेबलामागे बसून हात चालवताना दिसलं की गिऱ्हाईक थांबतं. तेव्हा कुत्रा मेळ्यातच करायचा, दुसऱ्या दिवशी, भर गर्दीत, 'प्रात्यक्षिक चालू' अशी पाटी लावून. साबणवाल्याने बघत बसावं.

पहिला दिवस हत्तींचा गेला. कधी नव्हे ते लोक दाबून बघून खाली ठेवायच्याऐवजी घेऊन जायला लागले. फक्त एक विचित्र प्रकार. हत्तींच्या अंगातून केस बाहेर यायला लागले. लांब, ताठ केस. लोकांनी दाबले की आणखी येत. एक मुलगी आईला म्हणाली, "याला दाढी आहे, मला हाच पाहिजे." बाई कात्रीने हत्तींची हजामत करत राहिल्या आणि मधल्या वेळात त्यांनी लोकरवाल्या व्यापाऱ्याला फोन करून असा काही झाडला की बिचारा पुढच्या वेळी लोकर फुकट देतो म्हणाला.

दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी पाटी लावली. साहेबांचा फोटो टेबलावर उभा केला, सुई घेतली, चष्मा चढवला, अभ्रा उघडला आणि हात आत घातला.

आत टाकाऊ लोकर होती.

बाईंनी अभ्रा उलटा केला. टाकाऊ लोकरच. मग त्यांनी टेबलावरचा एकुलता एक उरलेला हत्ती उचलला, त्याच्या पाठीतून आलेला एक केस ओढून काढला आणि उजेडात धरला. बुडाशी फिकट, टोकाला काळा. अशी मेंढी जगात नसते. हा केस त्यांनी स्वतः शांपूने धुतला होता.

त्यांच्या पायाखालची जमीन सरकली, कोर्टाच्या रेघांसकट. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना साबणवाल्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

"साहेब हत्तीत गेले," त्या अहोंना म्हणाल्या.

अहोंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. 'मी म्हणालो होतो' हे वाक्य त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. त्याबद्दल त्या माणसाचा कुणीतरी सत्कार करायला हवा. बाईंनी तर केला नाही.

"बाकीचे हत्ती?" त्यांनी विचारलं.

"काल विकले की. तुमच्या डोळ्यांदेखत."

थोड्या वेळाने अहो हळूच म्हणाले, "तुझ्याकडे तपकिरी लोकर आहे ना? काळी पण आहे. फोटो आहे. कर. त्यांना काय कळणार आहे?"

 बाईंनी तपकिरी लोकर ओढली आणि टोचायला लागल्या.

आणि हे ऐका, कुत्रा असा झाला की काय सांगावं. आयुष्यात बाईंचा हात एवढा चालला नव्हता. पडलेला कान, उभा कान, रजा नाकारणारे डोळे. गर्दी जमली. लोक मोबाईलवर चित्रण करायला लागले. साबणवाला स्वतःचं टेबल सोडून आला आणि म्हणाला, "बाई, याला तोड नाही." जे शब्द ऐकायला त्या इतकी वर्षं तडफडत होत्या ते शेवटी कानावर आले, आणि त्यांना ते नको झाले. भामट्याला शाबासकी मिळाल्यावर कसं वाटत असेल, तसं त्यांना वाटलं.

मध्येच एका बाईने उरलेला हत्ती उचलला. "हा द्या मला. भाचीसाठी."

"विकायचा नाही."

"मग टेबलावर कशाला ठेवलाय?"

"चुकलं," लोकरबाई म्हणाल्या आणि हत्ती टेबलाखाली ठेवून दिला. अहोंनी चमकून बघितलं. 'चुकलं' हा शब्द बायकोला येतो हे त्यांना माहीतच नव्हतं.

संध्याकाळी घड्याळजी आले. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, पाहुण्याला घ्यायला स्टेशनवर आल्यासारखे. बाईंनी कुत्रा त्यांच्या हातात दिला.

 खिशातून भिंग काढून घड्याळजींनी डोळ्याला लावलं आणि कान बघितला.

"अगदी तोच," ते म्हणाले. "कान अगदी तोच. तुमच्या हातात जादू आहे."

साबणवाल्याने मान डोलावली. अहोंनी सुटकेचा श्वास सोडला. झालं होतं. कागदात गुंडाळायचा आणि द्यायचा, एवढंच उरलं होतं.

"तुम्हाला सांगतो," घड्याळजी म्हणाले, "शेवटी शेवटी त्याला बसवतही नव्हतं, निजवतही नव्हतं. मी ब्रश करायला लागलो की तेवढा शांत पडायचा. म्हणून दिवसभर करायचो. जे केस निघायचे ते टाकवेनात. बायको म्हणायची, वेड लागलंय. लागलंच असेल. पण आज बरं वाटतंय. घरी नेतोय त्याला."

बाई कुत्रा परत घेऊन कागदात गुंडाळत होत्या, त्या थांबल्या.

खोटं बोलण्यात त्या काही नवख्या नव्हत्या. 'ही मेंढी डोंगरातली आहे', 'हा रंग फुलांपासून काढलाय' असलं त्या रोज सांगतात आणि छान झोपतात. पण हे घशाखाली उतरेना. त्यांनी कुत्रा कागदातून बाहेर काढला.

"हा तुमचा साहेब नाही," त्या म्हणाल्या. "ही नुसती लोकर आहे. तुमचे केस माझ्या हातून हत्तींच्या पोटात भरले गेले. माझ्या हातून. यांनी मला सांगितलं होतं की काहीतरी वेगळं लागतंय, मी यांचंच तोंड बंद केलं. बाकीचे हत्ती विकले गेले. हा एक राहिलाय."

त्यांनी टेबलाखालून हत्ती काढला. पाठीतून, पोटातून केस आलेले, सोंड जरा वाकडी. घड्याळजी त्याच्याकडे बघत राहिले. साबणवाल्याने, देव त्याचं भलं करो, तेवढ्यापुरते कान बंद केले आणि वड्या रचायला लागला.

"बाकीचे कुणी नेले?" घड्याळजींनी विचारलं.

"मुलांनी. बहुतेक सगळे लहान मुलांनीच."

"त्याला मुलं आवडायची नाहीत," ते म्हणाले. "चावायचा."

 बाईंना हसावं असंही वाटलं आणि डोळेही भरून आले, आणि हे दोन्ही एकदम करायची त्यांना मुळीच सवय नव्हती. त्यांनी घाईघाईने कात्री उचलली.

"मी हा उघडते. आतले सगळे केस काढून देते तुम्हाला, आत्ताच्या आत्ता. आहेत तेवढ्यांचा कुत्रा करते. छोटा होईल, पण त्याचाच होईल."

कात्री हत्तीच्या पोटाला टेकली, तसा घड्याळजींनी त्यांचा हात धरला. म्हाताऱ्याच्या बोटांत चांगलाच जोर होता.

"नको," ते म्हणाले. "दवाखान्यात दोनदा कापला त्याला. आता पुन्हा नको."

त्यांनी हत्ती बाईंच्या हातातून अलगद काढून घेतला. वजन बघितल्यासारखा तळहातावर धरला, मग शर्टाला टेकवून कोपराच्या बेचक्यात बसवला. देखणा कुत्रा टेबलावर तसाच राहिला. त्याच्याकडे त्यांनी परत पाहिलंही नाही.

निघता निघता ते वळले. "याला ब्रश केला तर चालेल का?"

"चालेल," बाई म्हणाल्या.  "पण केस निघतील. रोज थोडे थोडे निघत राहतील."

"निघू देत," घड्याळजी म्हणाले. "मला सवय आहे."