लिंबाच्या आळ्यातली आंघोळ

बागेवर लिहून राह्यलो म्हणल्यावर तुम्ही गुलाब, मोगरा अन् झोपाळ्यावर शांत बसलेला म्हातारा डोळ्यापुढं आणला असंल. पुसून टाका. आमच्या शेजारचे रिटायर कंडक्टरकाका चड्डीवर लिंबाच्या आळ्यात दगड टाकून बसलेत अन् तांब्यानं अंगावर पाणी घेऊन राह्यलेत, असं चित्र काढा. आख्ख्या मंठा गावात इतका बिनलाज अन् इतका बरा झालेला माणूस दुसरा न्हाई.

नळाला पाणी आठ दिवसांनी यायचं. म्हणून काकांनी आंघोळीचे वार लावले: सोमवारी लिंबू, मंगळवारी वांगी, बुधवारी मिरची. साबण सोडला, का तर झाडाला सोसत न्हाई. पाहुणे आले तरी तिथूनच बोलायचे. दोडक्याचा वेल वाटेत आला की त्याला कंडक्टरच्या आवाजात, "ओ, पुढं सरका, पुढं जागा हाये!" हा आवाज मी कॉलेजच्या गॅदरिंगात काढला तर पहिल्या रांगेतले सर खरंच सरकले.

लोक म्हणायचे, काकू गेल्यापासून काकाला येड लागलं. बिलकुल उलटं. काकू गेल्ती तवा तीन महिने हा माणूस भिंतीकडं तोंड करून पडलेला. जेवणाचं ताट तसंच परत जायचं. मंग मोरीपाशी, काकू भांडे घासायची तिथं, टमाट्याचं रोप आपोआप उगवलं. काका उठले ते त्याला काठी लावायला.

एका सोमवारी काकांचा पोरगा औरंगाबादहून न्यायलाच आला.

"बाबा, फ्लॅटवर चला. इथं लोक हसतात."

"हसू दे."

"डॉक्टरला तरी दाखवू."

"कोणाला? मला का लिंबाला? लिंबावर थोडी अळी हाये."

पोरगा थकला. मला बाजूला घेऊन म्हणला, "तू आईचा आवाज बराबर काढतो. तिचं ऐकतील." मी दीडशहाणा! भिंतीआडून हुबेहूब काकू काढली, "अहो, जा ना पोरासंगं!"

काकांचा तांब्या हवेतच राह्यला. मंग उरलेलं पाणी त्यांनी सावकाश झाडाला ओतलं अन् ओरडले. तो फाटलेला आवाज मला आजवर काढता आला न्हाई.

"ये इकडं, गधड्या! तीन महिने हाच आवाज भिंतीत हुडकत पडलो होतो. टमाट्यापाशी बसलो तवा कुठं हुडकणं सुटलं. अन् तू परत तेच लावून देतो? मेलेल्या माणसाच्या तोंडून जित्या माणसाला घराबाहेर काढतो? जा, सांग त्याला, बाप इथंच बरा हाये, येणार न्हाई. अन् तुझ्या सोताच्या आवाजात सांग!"