शिगेवरची मूठ

बेंबळी सोडली त्या दुपारी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, जवारीचं पेव, अंगणातलं जमिनीखालचं कोठार, उघडलं. निजामी मुलखात गडबड वाढलेली, आमची दुकानदारांची घरं एकेक करून सोलापूरकडं निघालेली. दारात दोन गाड्या उभ्या. मी म्हणालो, जवारी भरू, तिथं पाय टेकायला उपयोगी पडंल. पेवातली वाफ निघून जाईस्तोवर आप्पा काठावर बसून राहिले, मग गावभर निरोप धाडला. पायली शिगेपर्यंत भरायची आणि वर आणखी एक मूठ टाकायची, ही त्यांची रीत. त्या दिवशीही तसंच मापलं. सगळं फुकट.

"आप्पा, आपण काय खायचं?"

"आपल्याला जायाला सोलापूर हाय. ह्यांनी कुठं जायाचं रं?"

गाड्यांत नुसती भांडी आणि अंथरुणं गेली. वाटभर मी दुसऱ्या गाडीतच बसलो. लई राग होता.

सोलापुरात आधी हमाली केली, मग भुसारीचं दुकान टाकलं. पायलीवर पट्टी फिरवून सपाट माप द्यायचो, एक दाणा वर न्हाय. दुकान चाललं. आप्पा शेजारी बसायचे. एकदा आपल्याकडच्या एका बाईच्या मापावर त्यांनी मूठ टाकायला हात उचलला. मी गिऱ्हाइकांदेखत ओरडलो, "दुकान बुडवायचंय व्हय?" त्यांनी मूठ पोत्यात सोडली. पुढं त्यांचे हात मांडीवरच राहिले.

मग एक दिवस आप्पा गेले. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. मांडीत हात घेतलेले आप्पा मला दुकानात बसल्यासारखेच दिसले. रडू आलं न्हाय. तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं.

निजामी गेल्यावर बेंबळीला गेलो, आप्पा गेल्याचं सांगायला. वेशीतच एका म्हातारीनं ओळखलं. "पेव उघडलेल्या आप्पांचा ल्योक न्हवं तू?" घरी नेऊन तिनं मला जवारी मापून दिली. शीग लावली, वर मूठ टाकली. "बरे हायत न्हवं आप्पा?"

"व्हय, बरे हायत," म्हणालो.

तुम्ही मागं राहिलेले असा न्हायतर माझ्यासारखे निघालेले, कुणीही माझं घर विचारा, मी बेंबळीच सांगतो. तिथं आप्पा अजून बरे आहेत. त्या खेपेला सोलापूरला परतल्यावर सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला वर मूठ टाकायची, असं ठरवून बसलो होतो. माप भरलं, आणि हात सवयीनं पट्टीकडंच गेला.