विचारवंतांचा बोहाडा

मासिक मीटिंगचा अहवाल वर पाठवावा लागतो, म्हणून तो लिहिला जातो आणि फाईलला लागतो. किस्से कुणी मागत नाही. त्यामुळे ते आमच्याकडेच राहतात आणि दर महिन्याला त्यात भर पडते! मी राहते जव्हारला आणि मोखाड्याकडच्या अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. आमची मीटिंग अकराला सुरू होते, पण खरी सुरू होते चहा आल्यावर. मग कुणीतरी म्हणतं, "मॅडम, आमच्याकडं काय झालं माहितीय का?" आणि अजेंडा गेला उडत.

यंदाचे सगळे किस्से मात्र एकाच ट्रेनिंगमधून निघाले.

*

ट्रेनिंगला पुण्याहून लिमये मॅडम आल्या होत्या. विषय होता बालशिक्षणाचा इतिहास. भिंतीवर चार थोर विचारवंतांचे फोटो लावले होते. मॅडमनी सगळ्यांची नावं नीट सांगितली, पण चहापर्यंत आमच्या सेविकांनी त्यांच्याशी नाती जोडून टाकली होती!

लहान मुलांच्या शाळेला मुलांची बाग म्हणणारे जर्मनीचे गृहस्थ झाले 'बागवाले आजोबा'. मुलांच्या मापाच्या खुर्च्या-टेबलं करून घेणाऱ्या इटलीच्या बाई झाल्या 'डॉक्टरीणबाई'. गुजरातचे एक शिक्षक होते. मिशा एवढ्या भरघोस, तरी लोक त्यांना आई म्हणायचे. ते 'मिशीवाली आई'. आणि चौथ्या होत्या आपल्याच जिल्ह्यात काम केलेल्या. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्या शाळाच घेऊन पाड्यावर गेल्या, झाडाखाली बसल्या. त्यांना कुणी नाव ठेवलंच नाही. त्या नुसत्या 'आपल्या बाई'.

"काही शंका?" लिमये मॅडमनी विचारलं.

कुंदाताई उठल्या. या आमच्यातल्या सगळ्यात जुन्या सेविका, जिभेला हाड नाही. "मॅडम, बागवाल्या आजोबांच्या बागेत खिचडी कोण शिजवायचं?"

"अं... त्याचा उल्लेख नाही."

"आणि पोरांची वजनं?"

"तेही नाही."

"मोबाईलवर रोजची माहिती?"

"तेव्हा मोबाईल नव्हता हो!"

"तरीच," कुंदाताई खाली बसत म्हणाल्या, "एवढा विचार करायला टाईम मिळाला!"

*

डॉक्टरीणबाईंची कल्पना सरकारलाही आवडली असावी. विमलच्या अंगणवाडीत नव्या कोऱ्या छोट्या खुर्च्या आल्या.

विमल ही आमची सूर्यमाळच्या अंगाला एका पाड्यावरची सेविका. आवाज एवढासा, पण मुलं तिच्याभोवती दिवसभर लोंबकळत असतात. तर खुर्च्या आल्या आणि दुसऱ्याच दिवशी एक मोठे साहेब मला बरोबर घेऊन बघायला आले. बघतात तो काय, एकही मूल खुर्चीवर नाही! सगळ्या खुर्च्या जोडी-जोडीनं आडव्या पडलेल्या, दोऱ्यांनी बांधलेल्या.

साहेबांनी एका खुर्चीला हात घातला. "या आडव्या का?"

तोच यमी पुढे झाली. यमी चार वर्षांची. तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "उठवू नका. बैल आताच बसलेत. नांगरून दमले."

साहेबांनी हात मागं घेतला. मग बूट न वाजवता, बैलांना वळसा घालून बाहेर आले आणि जीपपाशी येऊन मला हळूच विचारलं, "मॅडम, पाणी पाजलं असेल ना त्यांना?"

*

इथपर्यंत सगळी मजा होती. मग पालकसभा झाली.

विमलनं ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं मनापासून सांगितलं. "मूल म्हणजे रोप. त्याला ओढून लांब करता येत नाही. पाणी घालायचं, ऊन द्यायचं, वाट बघायची."

यमीचा बाप काशिनाथ उभा राहिला. "रोप तर रोप! पण विमलताई, रोप राबावरच, पेरला तिथंच ठेवला तर भात होतो का? उपटून दुसरीकडं लावाया लागतो. मी माझ्या यमीला मोखाड्याच्या इंग्लिश नर्सरीत लावतो!"

सगळी सभा हसली. विमलही हसली, पण घरी जाऊन रडली.

"बागवाल्या आजोबांनी भाताची शेती केलेली नसणार," कुंदाताई पुढच्या मीटिंगला म्हणाल्या, पण या वेळी आम्हाला हसू आलं नाही. कारण नर्सरीची व्हॅन जूनपासून थेट सूर्यमाळच्या रस्त्याला येणार होती. काशिनाथचा शब्द पाड्यात चालतो. तो गेला की त्याच्यामागे आणखी चार-पाच घरं जाणार. पट घसरला की विमलची अंगणवाडी खालच्या पाड्यातल्या अंगणवाडीला जोडणार. मधे ओहळ आहे. ज्यांची मुलं व्हॅनमध्ये बसणार नाहीत, त्यांची तीन वर्षांची पोरं पावसाळ्यात तो ओहळ ओलांडणार कशी? त्या दिवशी विमलचा चहा कपात तसाच निवला. मला तिची फार काळजी वाटली आणि काशिनाथचा रागही आला. पण बाप म्हणून त्याचं तरी काय चुकत होतं? आपलं पोर पुढं जावं, एवढंच त्याला वाटत होतं.

*

तोड काढली कुंदाताईंनी. "पोरांचा बोहाडा करू!"

आमच्याकडं होळीनंतर गावोगाव बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून माणसं एकेक करून नाचत येतात, पुढं सांबळ आणि पिपाणी. कुंदाताईंच्या सासरी मुखवटे करतात. त्यांनी मुलांना कागदाचा लगदा करायला बसवलं. मुलांनी तो केला, फासला, रंगवला, एकमेकांनाही फासला. मुखवटे कुणाचे? तर भिंतीवरच्या चौघांचे!

काशिनाथ गावच्या बोहाड्यात सांबळ वाजवतो. त्याला बोलावलं, तर कुरकुरत का होईना, पण आला. सांबळवाल्याला बोलावणं नाकारता येत नाही.

आधी मिशीवाली आई आली. मिशा एका बाजूनं सुटलेल्या. मग डॉक्टरीणबाई आली ती बैल घेऊन, म्हणजे खुर्ची ओढत. बागवाल्या आजोबांना ऐन वेळी शू लागली, त्यांना मुखवट्यासकट बाहेर न्यावं लागलं. शेवटी यमी आली. कपाळावर एवढं मोठं कुंकू, आपल्या बाई! पावलं अशी टाकत होती, की काशिनाथ सांबळ वाजवता वाजवता गुडघ्यावर आला.

विमलला राहवलं नाही. "यमे, हळू गं!"

काशिनाथनं सांबळ थांबवला. चेहरा गंभीर. "विमलताई, मुखवटा चढला का नाव घ्यायाचा नाय. ती आता यमी नाय. ती सांगल तसा करायाचा."

"बरं," विमल म्हणाली.

कार्यक्रम झकास झाला. जाताना काशिनाथ विमलला म्हणाला, "लय छान केलात. पण जूनला यमी जायाची ती जायाचीच."

*

जून आला. पहिल्या दिवशी विमल अंगणवाडीच्या दारात उभी होती. तिथून खालचा रस्ता दिसतो. व्हॅन आली. काशिनाथ यमीला घेऊन उभा. नवा फ्रॉक, नवे बूट, दोन वेण्या. मागं आणखी चार घरची माणसं, आपापली पोरं घेऊन. विमल मला नंतर म्हणाली, "मॅडम, मी आत वळणार होते. बघवेना."

ड्रायव्हरनं दार उघडलं. "चला, चला, बसा लवकर!"

यमी बसली नाही. तिनं नव्या दप्तरात हात घातला, आतून मुखवटा काढला आणि चढवला. थोडा चेपला होता. कुंकू मात्र शाबूत.

काशिनाथनं तिला उचलायला पुढं केलेले हात तसेच राहिले. मग ते हळूहळू जोडले गेले.

"अहो, बसवा ना पोरीला!" ड्रायव्हर ओरडला.

आपल्या बाईंनी पाड्याकडं बोट केलं आणि वळल्या. त्याच पावलांनी. मागच्या चार घरांच्या पोरांनी बापांचे हात सोडले आणि त्यांच्या मागं रांग धरली.

"पाव्हणं, काय चाललंय हे?" ड्रायव्हर खाली उतरला. "पोरगी येणार का नाही?"

काशिनाथ तोवर रांगेच्या पुढं पोचला होता. गळ्यात सांबळ नव्हता, म्हणून त्यानं खाली राहिलेलं नवं दप्तरच पोटाशी धरून बडवायला घेतलं होतं.

"कुठली पोरगी?" तो म्हणाला.