पत्रिकेतला उतार

वाकडं दिसलं की सरळ करायचं, हा माझा जन्माचा रोग. वडील लष्करातून निवृत्त झालेले. आमच्या घरी चपलासुद्धा सावधानमध्ये उभ्या असत. नव्वदच्या दशकात मी विश्रामबागेत एका डीटीपीच्या दुकानात कामाला होते. तिथेही माझं कौतुक हेच, की हिची ओळ कधी हलत नाही.

एकदा रहिमतपूरहून एक म्हातारे कातिब, म्हणजे उर्दू सुलेखनकार, आले. आयुष्यभर त्यांनी बोरूने उर्दू पत्रिका लिहिल्या होत्या. आता हात कापू लागला होता. धाकट्या मुलीची लग्नपत्रिका हे आपलं शेवटचं लिखाण, असं सांगून त्यांनी नस्तालिक लिपीतला कागद माझ्यापुढे ठेवला. तो स्कॅन करून छापायचा, एवढंच आमचं काम. मला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं.

स्क्रीनवर पाहते तर प्रत्येक शब्द उजवीकडे वर चढलेला, डावीकडे खाली घसरलेला. हात किती कापला असेल बिचाऱ्यांचा! मला भरून आलं. तोंडावर सांगून कशाला दुखवा, म्हणून दिवसभर खपून मी एकेक शब्द कापला, फिरवला आणि सरळ रेषेत बसवला. मालकांनीही मान डोलावली. त्यांना तरी कुठे उर्दू येत होती?

छापलेला गठ्ठा न्यायला कातिबचाचा आले. एक पत्रिका उचलून बराच वेळ पाहत राहिले.

"ह्यातला उतार कुटं गेला?"

सरळ केला, मी अभिमानाने सांगितलं. मग त्यांनी शांतपणे समजावलं, की तो उतार म्हणजेच ही लिपी. तो साधायला ते नऊ वर्षं उस्तादांपुढे बसले होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पत्रिका त्याच दिवशी वाटायला निघायच्या होत्या. चाचांनी हातातल्या पत्रिकेची उजवी बाजू थोडी वर उचलली, मग आणखी थोडी. मग गठ्ठा घेऊन गेले.

माफी मागायला मी लग्नाला गेले. तिथे नवरदेवाच्या मामांनी मला माहिती पुरवली, की रहिमतपूरच्या कातिबांची पत्रिका तिरकी धरूनच वाचायची असते, ही त्यांची जुनी पद्धत. सरळ धरणारा अडाणी. चाचांनी घरोघरी ती तशीच धरून दिली होती. मी खाली मान घालून बिर्याणी खाल्ली.

दोनेक वर्षांनी दुकानात उर्दूचं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा मी चाचांना मुद्दाम बोलावलं. मजकूर त्याच पत्रिकेचा घेतला. ते अक्षरं दाखवत गेले, मी कळा दाबत गेले, आणि शब्द आपोआप उतारावरून खाली येत गेले. चाचांचे डोळे भरले. माझं नकळत माऊसकडे गेलेलं बोट त्यांनी आपल्या कापऱ्या हाताने धरलं.

"झ्याक उतरतंय. आता तू काय बी करू नगंस, पोरी."